तिसऱ्या मडक्यातले चिंचोके

सकाळी उठल्यावर मी आधी आपली नडगी अंगठ्याने दाबते आणि खड्डा किती वेळ राहतो ते बघते. लगेच भरून आला तर दिवस बरा. राहिला तर अंगात पाणी साठलंय, त्या दिवशी पाणी आणखी कमी. अर्धा कप चहा सकाळी, अर्धा दुपारी, आणि मध्ये घसा सुकला की बर्फाचा लहानसा खडा तोंडात धरायचा. हा खडा मला डॉक्टरांनी नाही, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाने शिकवला. तुमच्या घरी कोणाचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं असेल तर या लिखाणातली कामाची गोष्ट एवढीच समजा. बाकी सगळा माझा गोंधळ आहे आणि तो मला अजून निस्तरता आलेला नाही.

मी शिक्षिका आहे. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, परसवाड्याजवळच्या एका गावात, सरकारी प्राथमिक शाळेत. शाळा हिंदी, घर मराठी. माहेर गोंदियाकडचं. घरात मी, माझे यजमान, जे वीज खात्यात लाईनवर काम करतात, आणि बारावीतली मुलगी प्रज्ञा. ती माझ्याशी वाक्य मराठीत सुरू करते आणि हिंदीत संपवते.

*

आमच्याकडे शिक्षकाला शिकवणं सोडून सगळं करावं लागतं. जनगणना आमची, मतदार यादी आमची, कोणाकडे संडास आहे आणि कोणाकडे नाही तेही आम्हीच बघायचं. त्यामुळे अडीच वर्षांपूर्वी आरोग्याचं सर्वेक्षण आलं तेव्हा ते माझ्याच गळ्यात पडणार हे मला आदेशाआधीच माहीत होतं. प्रश्न सरळ होता. परसवाड्याच्या दवाखान्यात एकच नवी सोय होणार, ती कोणती हवी ते लोकांनी सांगावं. बाळंतपणाची खोली, बालाघाटला नेणारी गाडी, की डायलिसिसचं मशीन.

छापील फॉर्म आले होते, पण गावातल्या निम्म्या बायांना वाचता येत नाही. मग मी डोकं चालवलं. आठवडी बाजारातून तीन कोरी मडकी आणली आणि त्यांवर खडूने चित्रं काढली. पहिल्यावर बाळ, दुसऱ्यावर जीप. तिसऱ्यावर खाटेवर निजलेला माणूस आणि त्याच्या हातातून निघालेली नळी. दर घराला दहा चिंचोके द्यायचे; ज्या मडक्यात वाटेल त्यात, वाटतील तितके टाकायचे. मी मनातल्या मनात स्वतःलाच शाबासकी देत होते.

शाळेच्या ओसरीत रांग लागली. बाळात चिंचोके पडत होते, जीपमध्ये पडत होते. तिसऱ्या मडक्यापाशी हात यायचे, थांबायचे आणि मागे फिरायचे. आमच्या गल्लीतल्या भागाबाईची पाळी आली. सत्तरीची बाई, एकटी राहते, जीभ कोयत्यासारखी. ती मडक्याकडे बघतच राहिली.

"मास्तरीनबाई, हे चित्र कोनं काढलं?"

"मीच काढलं. काहून?"

"कोऱ्या मडक्यावर निजलेला मानूस काढते का कोनी? कोरं मडकं कोनाच्या म्होरं चालते, तुले माईत नाही? यात आपल्या हातानं दाना टाकला म्हंजे बिमारी घरात पेरली. मी नाही टाकत बापा."

प्रेतापुढे कोरं मडकं धरतात हे मला काय माहीत नव्हतं? पण चित्र काढताना डोक्यात आलं नाही. मी हसले. आजूबाजूच्या बाया हसल्या नाहीत. भागाबाईने दहाच्या दहा बाळाच्या मडक्यात टाकले आणि हात पदराला पुसले.

संध्याकाळी तिसरं मडकं पालथं केलं, त्यातून काहीच पडलं नाही. फॉर्मच्या शेवटी टिप्पणीचा रकाना होता. भागाबाई जे बोलली ते तिथे लिहायला हवं, असं मला टोचलं होतं. खोटं कशाला सांगू. पण फॉर्म न्यायला आलेली जीप हॉर्न वाजवत होती, रकाना दोन बोटांचा होता, आणि सरकारी कागदावर अंधविश्वास वगैरे लिहिलं की वरून दहा प्रश्न येतात. मी लिहिलं, "लोगों की रुचि नहीं."

आणि माझे दहा? मी बौद्ध घरातली, विहारात पौर्णिमेला अंधश्रद्धेवर भाषण देणारी. माझेही सहा जीपमध्ये गेले, चार बाळात. माझ्या घरी कोणाला किडनीचं काही नाही, मग मी कशाला टाकू, असं मी स्वतःला सांगितलं. पण हात तिसऱ्या मडक्याजवळ गेला तेव्हा तो थांबला होता, हेही खरं.

पुढे बैठकीत मोठ्या साहेबांनी माझं नाव घेतलं. मडक्यांची पद्धत त्यांना इतकी आवडली की ती सगळ्या ब्लॉकमध्ये वापरली गेली. मला प्रमाणपत्र मिळालं. ते शाळेत फळ्याच्या वर टांगलं आहे. गावोगाव तिसरं मडकं रिकामंच निघालं, असं कळलं. परसवाड्याला गाडी आली. लोकांना हवं होतं ते मिळालं, असंच सगळे म्हणाले, मीही म्हणाले.

*

वर्षभराने चपला घट्ट व्हायला लागल्या. मी दुकानदाराला दोष दिला. मग सकाळी डोळे सुजायचे, तर म्हटलं झोप कमी पडते. जिना चढताना धाप लागायची, तर वय झालं. आपण स्वतःला फसवायला किती हुशार असतो बघा.

बालाघाटच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि चष्मा काढला. डॉक्टरने चष्मा काढला की समजावं. म्हणाले, "मैडम, दोनों किडनी काफी हद तक जा चुकी हैं. डायलिसिस लगेगा." यजमान शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "कितने दिन?" डॉक्टरांनी कागदावर आठवड्याचे दोन वार लिहिले, शेवटची तारीख लिहिली नाही, आणि ते उत्तर आम्हा दोघांना कळलं.

अशा वेळी मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे येतो म्हणतात. मला मडकं दिसलं. खडूने काढलेला तो निजलेला माणूस. त्याला मी तोंडसुद्धा काढलं नव्हतं.

घरी येताना बसमध्ये मी एकच विचार करत होते. भागाबाईचं खरं असतं तर हे उलट व्हायला हवं होतं. मी तर त्या मडक्यात दाणा टाकलाच नव्हता. मग बिमारी पेरली कोणी? मग वाटलं, न टाकल्याची शिक्षा असेल. मग स्वतःचीच लाज वाटली, की रिपोर्ट हातात असताना एक शिक्षिका हे असले हिशेब करते. यजमानांनी खिडकी बंद केली आणि माझ्या खांद्यावर शाल टाकली.

*

मंगळवार आणि शुक्रवार. उजाडताना पहिली बस, दीड-दोन तासांचा रस्ता, मग वजन, मग खाट, मग सुई. चार तास. थंडी फार वाजते; आपली गोधडी न्यावी, तिथल्या पांघरुणाच्या भरवशावर राहू नये. परतीच्या बसमध्ये अंगातून कोणी दोरी ओढून काढल्यासारखं होतं. बुधवारी मी शाळेत खुर्चीवर बसून शिकवते आणि पोरं आपोआप हळू बोलतात.

सुई टोचणारी सिस्टर टोचण्याआधी "आज जेवायला काय करणार?" असं विचारते. मी भाजी सांगेपर्यंत सुई आत गेलेली असते. मला तिची युक्ती पहिल्याच आठवड्यात कळली. तरी मी दर वेळी नवी भाजी सांगते.

शेजारच्या खाटेवर रामसिंग असतो. बैहरच्या पलीकडच्या जंगलातल्या गावचा, वनखात्यात मजुरी केलेला, साठीचा. बर्फाच्या खड्याचा गुरू तोच. त्याला आधी पायी, मग जीप, मग बस करावी लागते. आठवड्यातून दोनदा यायचं असतं, तो बऱ्याचदा एकदाच येतो. तो आला नाही की मी दाराकडे बघत बसते.

परसवाड्याला मशीन असतं तर बैहरकडच्या माणसाचा अर्धा रस्ता वाचला असता. हे माझ्या मनातून जाईना. शेवटी एक दिवस मी त्याला मडक्यांची सगळी गोष्ट सांगितली. भागाबाई, चित्र, रकाना, सगळं. वाटलं, तो चिडेल. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तो हसायला लागला. "हमरे गाँव में भी तो आए थे मटका लेके. हम भी नहीं डाले."

"बीमारी के डर से?"

"नहीं मैडम. तब तो हमको बीमारी थी ही. हम सब बच्चा वाले में डाले. हम तो जी लिए."

मला इतका राग आला की सिस्टरने मशीनकडे बघून माझा बीपी तपासला. मी म्हटलं, जी लिए, तर मग पहाटे उठून आधी पायी, मग दोन गाड्या बदलून इथे कशाला येता?

"घरवाली नहीं मानती," रामसिंग म्हणाला आणि डोळे मिटून पडला.

मी चार तास त्याच्याकडे रागाने बघत होते. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतो. इथे जळत होतं त्यालाच, कळतही होतं त्यालाच, आणि तरी त्याने आपल्या वाट्याचं पाणी दुसऱ्याच्या झाडाला घातलं होतं. मग माझी चूक दुरुस्त तरी कोणासाठी करायची?

*

घरची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती सांगताना मला त्रास होतो. प्रज्ञाला जबलपूरला शिकायला जायचं होतं. आता ती बालाघाटचं म्हणते, आणि आपल्यालाच बालाघाट आवडतं असं पटवून देते. मी तिला मनापासून जा म्हटलेलं नाही. म्हणायला हवं, पण मला ती जवळ हवी आहे.

डायलिसिस सुरू झाल्यावरही सहा महिने मी यजमानांना रकान्याची गोष्ट सांगितली नव्हती. सांगितली तेव्हा ते जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"तुले तिनं सांगतलं होतं?"

"हौ."

"आन तू लिवलं नाही?"

"नाही."

मंगळवारी पहाटे मात्र मोटारसायकल काढून बसथांब्यावर सोडायला आले. बस येताना दिसली तेव्हा म्हणाले, "लिवलं असतं तरी मशीन आलं असतं का नाही, कोनाले माईत." ते मला माफ करत होते की नुसते विचार करत होते, मी विचारलं नाही.

आणि संगीताचंही सांगायलाच हवं. संगीता आमच्या गावातली सून, माझ्या जुन्या विद्यार्थिनींपैकी एक. गेल्या पावसाळ्यात तिचं बाळंतपण अडलं आणि लोकांनी निवडलेल्या त्याच गाडीने तिला बालाघाटला नेलं. दोघी जिवंत आहेत. मुलगी आहे, गुटगुटीत. संगीता तिला माझ्या मांडीवर ठेवते आणि मी तिचा वास घेते. तेव्हा वाटतं, लोकांनी बरोबर निवडलं. शुक्रवारी रामसिंगची खाट रिकामी दिसली की वाटतं, चूक निवडलं. दोन्ही वेळी माझी खात्री असते.

*

दोन महिन्यांपूर्वी सर्वेक्षण पुन्हा आलं. या वेळी ड्यूटी माझी नव्हती, आजारी म्हणून मला सूट होती. एक तरुण अधिकारी आले होते, नम्र मुलगा, बायांना हात जोडणारा. ओसरीत तीन कोरी मडकी. बाळ, रक्ततपासणीची लॅब आणि निजलेला माणूस. आता चित्रं छापील होती, पण माणूस माझाच, नळीसकट. तोंड अजूनही नव्हतं.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की हे चित्र काढा, किंवा मडकीच काढा. लोक घाबरतात, पसंती कळत नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग कसनुसं तोंड केलं.

"मैडम, पूरे ब्लॉक में यही तरीका है. एक गाँव में बदलूँगा तो तुलना कैसे होगी? और ये तरीका तो आप ही का है."

मी माझ्या घराचे दहा चिंचोके मागितले. त्यांनी दिले, पण लगेच म्हणाले, की माझे दाणे वेगळ्या वाटीत ठेवावे लागतील. रुग्णांचे वेगळे मोजायचा आदेश आहे. "आप तो मरीज़ हैं ना. आप तो मशीन ही चाहेंगी. ये आम जनता की पसंद है."

"मागच्या खेपेला मी आम जनता होते," मी म्हटलं. "तेव्हा मला काही माहीत नव्हतं, आणि माझे सगळे दाणे मोजले. आता माहीत आहे तर वाटीत?"

"नियम है, मैडम."

"आणि ज्या बाईला दिवस गेलेत, तिचे बाळाच्या मडक्यातले दाणे?"

त्यांनी आदेशाचा कागद चाळला. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "ये मैंने सोचा नहीं." मला त्यांची दया आली. माझे दहा मी वाटीत टाकले, सगळे मशीनसाठी. मला लाज वाटली आणि वाटली नाही.

मग मी वळून रांगेतल्या लोकांना सांगितलं. मोठ्याने, वर्गात सांगते तसं. की मागच्या वेळी भागाबाईने मला कारण सांगितलं होतं आणि मी ते लिहिलं नाही. की त्या मडक्यात दाणा टाकल्याने कोणाला काही होत नाही. मी टाकला नव्हता, बघा मला काय झालं.

रांग पुढे सरकली. बाळ, लॅब, बाळ, बाळ. तिसऱ्या मडक्यापाशी हात येत होते, थांबत होते, परत जात होते. सगळे माझ्याकडे बघून जात होते आणि एकाचाही हात आत गेला नाही. माझ्याच गल्लीतली माणसं. माझ्यासाठी रोज पाण्याचा हंडा भरून ठेवणारी.

भागाबाई आली. तिने वाटीकडे बोट दाखवलं.

"हे कोनाचे?"

"माहे," मी म्हटलं. "माहे वेगळे ठेवून राह्यले. मी बिमार आहे म्हनून मडक्यात गिनत नाही."

"असं कसं? जिले पाहिजे तिचेच नाही गिनत?"

तिने अधिकाऱ्याकडे मान वळवली. "मंग माहे गिनसान का?"

"हाँ अम्मा, आपके गिनेंगे."

तिने एकेक करून सात चिंचोके बाळाच्या मडक्यात टाकले. तिच्या लेकीचं पहिलं बाळंतपण कसं झालं होतं ते गावाला ठाऊक आहे. लेक वाचली नव्हती. मला वाटलं आता ती उरलेले तीनही तिथेच टाकणार, आणि ते बरोबरच होतं.

ती तिसऱ्या मडक्यापुढे उभी राहिली. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं, डोळे घट्ट मिटले, ओठांत काहीतरी पुटपुटली आणि मूठ उघडली. रिकाम्या मडक्यात तीन चिंचोके पडल्याचा आवाज सगळ्या ओसरीत ऐकू आला.

"सात माह्या पोरीचे," ती मला म्हणाली. "तीन तुहे. जास्त नाही देत."

अधिकाऱ्यांकडून मी टिप्पणीच्या रकान्यासाठी फॉर्म मागून घेतला. या खेपेला सगळं लिहिलं, रकाना संपल्यावर कागदाच्या मागे लिहिलं. निकाल अजून आलेला नाही. त्यानंतरच्या शुक्रवारी रामसिंग आला होता. त्याला सांगितलं, आमच्या गावातून तीन. त्याने बर्फाचा खडा गालात सरकवला. म्हणाला, "उस अम्मा को डर नहीं लगा?"

भीती वाटली होती. म्हणून तर मला झोप येत नाही. तिने दाणे टाकले त्या दिवसापासून रोज शाळेला जाताना मी भागाबाईच्या दारात थांबते. ती पायरीवर तांदूळ निवडत बसलेली असते. मी खाली बसते, तिचं लुगडं घोट्यावरून जरा सरकवते आणि तिची नडगी अंगठ्याने दाबते.

"काय पाहून राह्यली वं रोज रोज?" ती ओरडते. "तुहा तर इस्वास नाही ना?"

"नाही," मी म्हणते, आणि खड्डा भरून येईपर्यंत तिथून उठत नाही.